अकरा मिनिटांची आंघोळ

सात रस्ता, सोलापूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा चित्रपट संपला आणि मी बाजूच्या दाराने निघून गेले. तू पायऱ्यांवर उभी होतीस, भोवती मंडळी होती, आणि तू मलाच शोधत होतीस हे मला दिसलं होतं. तरी गेले. दोन दिवस तुझे फोन येताहेत. कानात यंत्र घालूनही फोनवरचं मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. या विषयात मला मनाने काही भरायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी सांगून टाकते, ‘लोटलेलं दार’ मला आवडला नाही. नुसता आवडला नाही असं नाही, माझी निराशा झाली. आपल्या चित्रपट मंडळाच्या महोत्सवात माझ्याच विद्यार्थिनीचा चित्रपट लागतोय म्हणून मी पंधरा दिवस आधीपासून ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले होते.

पहिला तास मला बांधून ठेवणारा वाटला. विसरण्याचा आजार जडलेली आई, तिला सांभाळायला शहरातून आलेली मुलगी, आणि आई गच्चीत भाकऱ्या वाळत घालून कुणासाठी घातल्या तेच विसरते, तो प्रसंग. त्या धारवाडच्या ईरम्माबाईंनी आईचं काम फार चांगलं केलं आहे. मग ती आंघोळ आली. न्हाणीत उघडी बसवलेली म्हातारी, तोंड भिंतीकडे, चेहऱ्यावर ओले केस. मुलीचे फक्त हात दिसतात. म्हातारी ओरडते, अंग चोरते, कानडीत ‘ब्याड, ब्याड’, नको नको, म्हणते, आणि कॅमेरा हलत नाही. तिसऱ्या मिनिटाला खुर्च्यांचे पाट आपटायला लागले. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, “ह्यांच्या घरात आई हाय का न्हाय?” कुणीतरी हसलं. संपेपर्यंत निम्मं सभागृह रिकामं होतं.

तुला वाटेल, बाई म्हातारी झाली, तिला उघडं अंग सोसलं नाही. तसं नाही. १९८९ साली मंडळात मी जो परदेशी चित्रपट दाखवला, त्यावरून मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. मी तेव्हा माफी मागितली नव्हती. शनिवारीही मी उठले नाही, शेवटपर्यंत बसले.

मला एवढंच कळव. तो प्रसंग तू घेतलास कसा? पुस्तिकेत लिहिलंय की अकरा मिनिटं सलग, मध्ये एकही तोड नाही. ईरम्माबाईंना आधी काय सांगितलं होतंस? त्या राजी होत्या का?

गुरुवारी नेहमीसारखी शेळगीला तुझ्या भावाकडे, रुद्रप्पाकडे, जाऊन आले. तुझी आई खुर्चीत उन्हाला बसली होती. माझं नाव तिला आता आठवत नाही. ज्या शाळेत तिने सव्वीस वर्षं घंटा दिली, तिथली कुणीतरी मी आहे एवढं तिला कळतं. मला बघून ती अजून उठून उभी राहायला बघते. मी तिला बसवते.

तुझी,
प्रेमलाबाई


पुणे
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाई,
नमस्कार.

तुम्ही मध्येच उठून गेला असतात तर मला कमी लागलं असतं. शेवटपर्यंत बसून, मग मला न भेटता जाणं, हे जास्त लागलं. पायऱ्यांवर मी कुणाशी काय बोलत होते ते मला आठवतही नाही. आठवीत असताना तुम्ही मला पहिल्यांदा मंडळात नेलंत, पुढच्या रांगेत बसवलंत आणि म्हणालात, “कळलं नाही तरी डोळे मिटायचे नाहीत.” मी तेच करतेय.

लोक उठून गेले याचं मला वाईट वाटलं नाही. त्यांनी उठावं म्हणूनच तो प्रसंग तसा आहे. आपल्याकडे म्हातारी बाई म्हणजे एक पदर आणि नमस्काराला दोन पाय. मधलं अंग कुणी बघतच नाही. ते कुणीतरी रोज धुतं, पुसतं, त्याचा वास येतो, ते घाबरतं. अकरा मिनिटं हे बघणं ज्यांना जमत नाही ते रात्रंदिवस आईच्या नावाने गळा काढतात. मला त्यांना अस्वस्थ करायचं होतं. तुम्ही त्यांच्यात असाल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ईरम्माबाई पूर्ण राजी होत्या. तीन दिवस तालीम केली. त्यांची लेखी संमती आहे. त्या चाळीस वर्षं नाटकात आहेत, त्यांना अंगाची लाज नाही. प्रसंग सलग आहे.

आता कामाचं. महोत्सवाविरुद्ध दोन संघटनांनी निवेदन दिलंय. मंडळाचे गोपाळराव म्हणतात की घाबरून गप्प बसण्यापेक्षा ९ मार्चला, रविवारी, चित्रपट पुन्हा दाखवायचा आणि नंतर खुली चर्चा ठेवायची. मंचावर तुम्ही हव्यात. तुम्ही बोललात तर सोलापुरात कुणाची हिंमत होणार नाही. शिवाय युरोपातल्या एका महोत्सवाने शेवटच्या यादीत आपलं नाव घेतलंय. त्यांच्या पत्रात त्या प्रसंगाचाच उल्लेख आहे. इथे गावातच चित्रपट बंद पाडला गेला तर तिकडे काय तोंड दाखवू?

आवडला नाही तरी चालेल. पण दाखवण्याच्या बाजूने बोला. तेवढा हक्क माझा आहे असं मी समजते.

अण्णाला यातलं काही सांगू नका. त्याला वाटतं मी जाहिराती करते. ते तसंच राहू दे.

तुमची,
सिद्धेश्वरी


सोलापूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. सिद्धेश्वरीस,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा माझं मन तुझ्या बाजूने जात होतं. तू चांगलं लिहितेस.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी सरळ वागले नाही. मला जे ठाऊक होतं ते लपवून मी प्रश्न विचारले. तू खरं सांगशील का हे मला बघायचं होतं. शिक्षिकेची ही वाईट खोड आहे, आणि तुझ्या बाबतीत मी ती करायला नको होती.

न्हाणीतली ती बाई ईरम्माबाई नाही. ती चंद्रव्वा आहे, तुझी आई.

गळ्यातलं इष्टलिंग तिने डाव्या मुठीत धरलं आहे आणि मूठ पुरती मिटत नाही. शेवटची दोन बोटं सरळ राहतात. ती बोटं १९९६ साली शाळेच्या लोखंडी फाटकात सापडली तेव्हा मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. वाटेत तिचा हात माझ्या मांडीवर होता. तू तेव्हा चौथीत होतीस. ती बोटं मी पडद्यावर ओळखणार नाही असं तुला कसं वाटलं? की मी येईन हेच तू धरलं नव्हतंस?

तिचा विसराळूपणा तू तुझ्या चित्रपटात घेतलास, ते मी समजू शकते. लेखक घरातूनच घेतात. पण ईरम्माबाई काम संपल्यावर कपडे घालून धारवाडला गेल्या. चंद्रव्वाला ती दोनशे माणसांसमोर उघडी बसली होती हे कुणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी तिच्या लक्षात राहणार नाही. ज्या बाईने पगाराच्या रजिस्टरवर सही करतानाही डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिचं मी बोलते आहे.

आणखी एक. प्रसंग सलग नाही. सातव्या मिनिटाच्या आसपास बादली जवळजवळ भरलेली असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती निम्म्याच्या खाली जाते. तिच्या गालावरचे केस कानामागे गेलेले असतात. तिथून पुढे ती ओरडत नाही. चाळीस वर्षं चित्रपट बघणाऱ्या बाईला जोड दिसतो गं.

मधलं काय काढलंस?

हे कळल्याशिवाय मी मंचावर येणार नाही. रुद्रप्पाला मी काही सांगितलेलं नाही. त्याच्याशी बोलायचं ते तुझं काम आहे.

प्रेमलाबाई


पुणे
शनिवार, २२ फेब्रुवारी

बाई,

काल सकाळी अण्णाचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तो एवढंच म्हणाला, “न्हाणीतली फरशी माझ्या घरातली हाय का नाय, तेवढं सांग.” मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. तो म्हणाला, “बरं. नऊ तारखेला आमी सगळे येतो बघायला. चुलते, आत्या, सगळी भावकी. तवर घरात पाऊल टाकू नको.” आणि फोन ठेवला.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंत की त्याला काही सांगितलं नाही. आणि शुक्रवारी सकाळी त्याला सगळं ठाऊक. गुरुवार तुमचा शेळगीला जायचा वार. मी आणखी काय समजायचं?

तुम्हाला सांगायचंच होतं तर मला आधी कळवायचं. ‘ते तुझं काम आहे’ असं लिहून स्वतःच करायचं नव्हतं. मी तुमच्यावर चिडायला नको, माझ्या तोंडाला ते शोभत नाही, हेही मला कळतं. पण या जगात एका माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

मंचाचं आता राहू दे. चर्चेत माझ्या चुलत्यांसमोर तुम्ही काय बोलणार आणि मी काय बोलणार.

सिद्धेश्वरी


सोलापूर
मंगळवार, २५ फेब्रुवारी

सिद्धेश्वरी,

मी सांगितलं नाही. वर्तमानपत्राने सांगितलं. गुरुवारच्या अंकात निवेदनाची बातमी आली, तिच्याबरोबर तुझ्याच लोकांनी महोत्सवाला दिलेलं चित्र छापलं होतं. भिंतीला टेकलेला ओला हात आणि मागे निळी फरशी. ती फरशी रुद्रप्पाने स्वतः बसवली आहे, त्यातली एक उलटी बसली आहे. ते मला त्याच दिवशी कळलं.

गुरुवारी मी शेळगीला गेले तेव्हा तो घरी होता. चिंचोळीला कामावर गेलेला नव्हता. एरवी दुपारी मी जाते तेव्हा घरात तुझी वहिनी हेमावती आणि तुझी आई, दोघीच असतात. त्याने मला बसायला सांगितलं, पेपर माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “बाई, ही माझी न्हाणी हाय. हात कुणाचाय?”

मी चष्मा काढून पुसायला लागले.

“तुमी बगितला का पिक्चर?”

मी म्हणाले, “मध्येच उठले रे मी. डोकं दुखत होतं.”

हे मी बोलले. सहासष्ट सालापासून या गावात मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगत आलेली बाई मी, पहिली दोन वर्षं बिनपगारी शिकवलं तेव्हापासून. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझं खोटं कळलं असावं. पण मी त्याच्या आईची बाई, मला तो खोटी कशी म्हणणार? तो उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. हेमावतीने चहा आणून ठेवला. चंद्रव्वा खुर्चीतून मला विचारत होती, “घंटा झाली का?” मी झाली म्हणाले.

तुझ्यासाठी मी एवढं केलं. ते योग्य होतं असं मला वाटत नाही. तुझ्यावर उपकार केले असंही नाही. त्या क्षणी मला तुझी भीती वाटली की त्याची, ते मला आजही सांगता येणार नाही.

गोपाळरावांकडे रुद्रप्पाचा माणूस जाऊन नऊ तारखेसाठी चौदा जागा सांगून आला आहे. भावकीतल्या बायकाही येणार आहेत. तुझी आत्या अक्कलकोटहून निघणार आहे. त्या सगळ्यांसमोर अंधारात ती अकरा मिनिटं चालू होतील तेव्हा तू कुठे उभी असशील?

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

प्रेमलाबाई


पुणे
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बाई,

मागच्या पत्राबद्दल मला क्षमा करा. ते चित्र मीच निवडून दिलं होतं. त्यात चेहरा नाही, म्हणून चालेल असं वाटलं. फरशीकडे माझं लक्ष नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हे फक्त अवधूतला ठाऊक आहे, माझ्या संकलकाला.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, हेमावतीवैनीच्या वडिलांना बरं नव्हतं म्हणून ती पंधरा दिवस माहेरी गेली. अण्णा दिवसभर कारखान्यात. मग मी आले अव्वाजवळ राहायला. तेव्हा चित्रपट माझ्या डोक्यात होता, लिहून झाला नव्हता. न्हाणीत सकाळचं ऊन झरोक्यातून कसं येतं ते बघायला मी दारात कॅमेरा लावून ठेवला होता. अव्वाला घ्यायचं ठरवलं नव्हतं. पण तिला आत नेताना तो चालू होता आणि मी तो बंद केला नाही. हे मी स्वतःशी कितीदा वेगळ्या शब्दांत सांगून बघितलं. खरं एवढंच आहे की मी बंद केला नाही.

चौथ्या की पाचव्या तांब्याला तिने माझ्या हातातला तांब्या हिसकला आणि माझ्या तोंडावर मारला. माझा ओठ फुटला. आणि मी तिला थोबाडीत मारली. दोनदा. दुसऱ्यांदा मारताना मला राग नव्हता. पहिल्या वेळेने ती गप्प झाली नव्हती, म्हणून मारली. नंतर ती गप्प झाली. बादली तिच्या लाथेने सांडली होती, ती तशीच राहिली. मी तिचे केस कानामागे सारले आणि उरलेलं पाणी घातलं.

ते सव्वा मिनिट काढून टाकलंय. झरोक्यापुढून ढग गेला तेव्हा क्षणभर अंधारलं, तिथे अवधूतने जोड बसवला. बघणाऱ्यांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं.

चित्रीकरणाच्या वेळी तो प्रसंग ईरम्माबाईंबरोबरही घेतला होता. त्यांनी मनापासून केला. पण संकलन करताना दोन्ही शेजारी लावले तर त्यांचा नाटकातला वाटायला लागला. मग मी अव्वाचा ठेवला. ईरम्माबाईंना सांगितलं की तुमचाच आहे, फक्त चेहरा दिसत नाही. त्यांनी अजून चित्रपट बघितलेला नाही.

शेवटची चार मिनिटं ती शांत बसते ना, त्यावर पुण्यातल्या एका समीक्षकाने लिहिलंय की ‘देहाने काळापुढे पत्करलेली शरणागती’. मी ते वाचलं आणि ते कात्रण जपून ठेवलं. बाई, ती शरणागती माझ्या दोन थपडांची आहे.

मी जगाला सांगत फिरतेय की डोळे मिटू नका.

आता काय करू ते सांगा. नऊ तारीख जवळ येतेय.

सिद्धी


सोलापूर
सोमवार, ३ मार्च

चि. सिद्धेश्वरीस,

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचून तशीच रिक्षा करून शेळगीला गेले. रुद्रप्पा जेवायला आला होता. मी त्याला सांगितलं की मी खोटं बोलले, चित्रपट मी अखेरपर्यंत पाहिला आहे. तो म्हणाला, “मग हात कुणाचा?” मी म्हणाले, “ते तुझी बहीण येऊन सांगेल. मी सांगणार नाही. नऊ तारखेच्या आधी सांगेल.” तो बराच वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, “यिऊ दे.”

हा शब्द मी तुझ्यावतीने दिला आहे. तुला विचारलं नाही.

नऊ तारखेच्या आधी ये. सगळं दाखव, काढलेलं सव्वा मिनिटही. निम्मं दाखवायचं असेल तर येऊ नकोस.

मी त्या वेळी इथे नसेन. धाकट्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, मी उद्या सांगलीला चालले, पंधरा तारखेपर्यंत तिकडेच. खरं सांगायचं तर निरोप आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी मध्ये बसले असते तर तुम्ही दोघं माझ्याकडे बघून बोलला असतात.

त्या सव्वा मिनिटाबद्दल तू मला माफीचं विचारलं नाहीस, बरं केलंस. तो हक्क माझ्याकडे नाही. तू मला निराश केलंस, हे मात्र मी मागे घेत नाही. पण शुक्रवारचं पत्र ज्या मुलीने लिहिलं ती मला ओळखीची वाटली.

खाली सांगलीचा पत्ता दिला आहे. काय झालं ते कळव.

प्रेमलाबाई


शेळगी, सोलापूर
बुधवार, १२ मार्च

बाई,

मी अजून इथेच आहे.

सहा तारखेला दुपारी आले. दार वैनीने उघडलं. अण्णा आत पलंगावर बसला होता, त्याने रजा घेतली होती. पाणी दिलं नाही कुणी. अव्वा जेवून झोपली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की हात अव्वाचा आहे, आंघोळीचा सगळा प्रसंग अव्वाचा आहे, आणि लोकांनी बघितला त्यात थोडं काढलेलं आहे, ते मी तुम्हाला दाखवायला आणलंय.

लॅपटॉप स्टुलावर ठेवला. अण्णाने पहिल्याच मिनिटाला तोंड भिंतीकडे फिरवलं. आईला उघडं बघायला त्याची मान वळेना. तो नुसता ऐकत राहिला. वैनी खाली बसून बघत होती, अगदी टक लावून. थपडांचा आवाज आला तेव्हा अण्णाचे खांदे हलले. दोनदा. वळला मात्र नाही. संपल्यावर त्याने विचारलं,

“किती लोकांनी बगितलं हे?”

“दोनशेएक होते. निम्मे उठून गेले.”

“आनि मारलेलं किती जनांनी बगितलं?”

“कुणीच नाही.”

“का?”

मी लॅपटॉप मिटला. त्याने पुन्हा विचारलं, “का ग?”

मी म्हणाले, “मला लाज वाटली.”

तेव्हा तो वळला. “म्हंजी उघडी अव्वा दिसली,” तो म्हणाला, “तू न्हाय दिसलीस.”

बाई, या चित्रपटावर पुण्यात दोन चर्चासत्रं झाली. मी तिथे देह, नजर, सत्य असले शब्द वापरून तास तास बोलले. त्या सगळ्याला अण्णाचं हे एक वाक्य पुरून उरलं. मी खाली बसले. तो मला मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्याने चपला घातल्या आणि निघून गेला.

वैनी तिथेच बसून होती. तिने मला लॅपटॉप परत सुरू करायला सांगितला. सुरुवातीचा भाग पुन्हा बघितला, आणि मग पडद्यावर बोट ठेवून थांबवायला सांगितलं.

“हितं चुकलं,” ती म्हणाली. “तुमी पहिला तांब्या एकदम डोक्यावर घातला.”

मला कळेना ती काय म्हणतेय.

“डोक्यावर एकदम पाणी पडलं की त्या भेतात. बुडतोय असं वाटतं त्यांना. आदी पायावर घालायचं, मंग गुडघ्यावर, मंग हातावर. त्यांनी आपला हात म्होरं केला की खांद्यावर. डोकं शेवटी, ते बी कपाळावर हात धरून. असं केलं की काय बी करत न्हाईत.” तिने पडद्यावरचं बोट काढलं. “तुमाला कुनी सांगितलं नसंल. मी गावाला जाताना गोळ्या कंच्या द्यायच्या ते लिहून ठिवलं, आंघोळीचं लिहायचं सुचलं न्हाय.”

स्वतःचीच चूक असल्यासारखं ती बोलत होती. सहा वर्षं ती रोज अव्वाला आंघोळ घालते. मी चित्रपटासाठी दोन डॉक्टरांशी आणि एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाशी बोलले होते. वैनीला मी काहीच विचारलं नव्हतं. चित्रपटात तिच्यासारखं माणूसच नाही. माझ्या गोष्टीतली मुलगी शहरातून येते आणि घरात दुसरं कुणी नसतंच.

अकरा मिनिटं अव्वा कशाशी झगडत होती, तर माझ्या तांब्याशी.

त्याच संध्याकाळी मी गोपाळरावांना फोन करून नऊ तारखेचा खेळ नको म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं मी धमक्यांना घाबरले. ते म्हणाले, “तू मागे हटलीस की उद्या ते दुसऱ्याच्या मागे लागतील.” त्यांचं खोटं नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. मी म्हणाले की संघटनांचा यात काही संबंध नाही, माझ्या आईची परवानगी मी घेतली नव्हती, हे तुम्ही जाहीर सांगा. त्यांनी फलकावर लिहून लावलं. भावकीतल्या चौघी तरी आल्या होत्या म्हणे, फलक वाचून परत गेल्या. आत्या मला न भेटताच अक्कलकोटला गेली.

धारवाडला फोन करून ईरम्माबाईंनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझा होता तो वाईट होता का?” मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “मग तो ठेवायचा होतास.”

युरोपातल्या महोत्सवाला कळवलं की तो प्रसंग आता चित्रपटात नसेल. काल उत्तर आलं. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी यादीतून नाव काढलंय. अवधूतने अजून माझ्या फोनला उत्तर दिलेलं नाही. दोन वर्षं त्याचीही गेली आहेत यात. मूळ चित्रीकरण मी अण्णासमोर पुसून टाकायला निघाले तर तो म्हणाला, “माझ्यासमोर नाटक नको. तुझं तू बघ.” मग दुसऱ्या दिवशी, तो कामावर गेल्यावर, मी ते पुसलं. सव्वा मिनिटासकट.

आंघोळीला आता मी वैनीच्या शेजारी उभी असते. पहिले तीन दिवस तिने मला नुसता टॉवेल धरायला दिला. काल तांब्या दिला. मी पायांवर पाणी घातलं, अव्वा पाण्याकडे बघत राहिली. मग तिने ‘ब्याड’ म्हटलं. वैनीने माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघी थांबलो. किती वेळ ते मी मोजलं नाही. अव्वाने आपण होऊन हात पुढे केला तेव्हा पुढचा तांब्या घातला.

तिला मी कोण ते ठाऊक नाही. वैनीला ती विचारत होती, ही नवी बाई कधीपासून कामाला आली म्हणून.

अण्णा माझ्याशी बोलत नाही. मी वाढलं तर जेवतो, पण ताटाकडे बघून. आज सकाळी कामावर निघताना तो दारात थांबला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने वैनीला म्हणाला, “तिला इच्यार, सोमवारपातूर हाय का. अव्वाला दवाखान्यात न्यायचंय, तुला एकटीला उचलत न्हाय.”

वैनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “आहे.”

तो गाडीला किक मारून गेला.

तुमची,
सिद्धेश्वरी